जुना लॅपटॉप, अर्धवट नेट आणि नोट्सचं सॉफ्टवेअर

सुरगाणा तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा. ती नाशिकला होस्टेलवर राहून एस. वाय. बीएस्सी करते, विषय केमिस्ट्री. शनिवारी एसटीनं गावी जाते, सोमवारी परत येते. मावसभावाचा जुना लॅपटॉप तिला मिळालाय: आय-थ्री, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. गावी घरात रेंज येत नाही. नोट्स मराठी-इंग्रजी मिसळून असतात आणि पदवीनंतर एमपीएससी करायचा विचार आहे. नोट्ससाठी एक मैत्रीण नोशन घे म्हणते, दुसरी वननोट, तर सिनियर ऑब्सिडियनच्या प्रेमात. यातलं कोणतं घ्यावं? मराठीचं काय करायचं? आणि पेननं लिहिता येणाऱ्या स्क्रीनचा लॅपटॉप हप्त्यावर घ्यावा का?

मी नाशिकमध्ये कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळते. नवीन वर्ष सुरू झालं की हा प्रश्न घेऊन मुलं येतातच, आणि परीक्षेच्या आधी तीच मुलं "मॅडम, नोट्स उघडत नाहीयेत" म्हणत परत येतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुझ्यासाठी वननोट. वर्गात मात्र वही-पेनच. लॅपटॉपवरचं काम संध्याकाळी, आणि दर आठवड्याला सगळ्याची पीडीएफ काढून पेनड्राइव्हवर. कारणं पुढे देते. तुझी परिस्थिती बदलली तर उत्तरही बदलेल, तेव्हा कारणंच नीट वाच.

सॉफ्टवेअर निवडताना मुलं बघतात ते दिसणं, रंग, टेम्प्लेट. नोशनमध्ये पंधरा दिवस घालवून सुंदर डॅशबोर्ड बनवलेली आणि त्यात एकाही युनिटच्या नोट्स नसलेली मुलं मी पाहिली आहेत. मी तीनच गोष्टी बघायला सांगते. लिहिलेलं शोधल्यावर सापडतं का? नेट नसताना उघडतं का? आणि उद्या ते सॉफ्टवेअर सोडायचं म्हटलं तर नोट्स धडपणे बाहेर निघतात का? तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी बघत नाही, पण माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. एव्हरनोटचंच घे. एके काळी नोट्स म्हटलं की हेच नाव पहिलं यायचं. मग कंपनी विकली गेली आणि २०२३च्या अखेरीस फुकट वापरणाऱ्यांना ५० नोट्स आणि एकच नोटबुक अशी मर्यादा घालण्यात आली. जुन्या नोट्स गेल्या नाहीत, पण नवीन लिहायच्या तर पैसे भरा किंवा बाहेर पडा. कंपनीला तो हक्क आहेच. आपल्याला बाहेर पडता येतं का, एवढं आधी तपासून ठेवायचं.

आता वर्गात वहीच का, ते सांगते. २०१४ साली मुलर आणि ओपेनहायमर या दोन संशोधकांचा एक अभ्यास खूप गाजला. लॅपटॉपवर टाइप करणारे विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवत जातात आणि संकल्पनेच्या प्रश्नांत हातानं लिहिणाऱ्यांपेक्षा मागे पडतात, असं त्यात दिसलं होतं. २०२१मध्ये दुसऱ्या गटानं तोच प्रयोग पुन्हा केला. तेव्हा टाइप करणारे शब्द जास्त लिहितात हे पुन्हा दिसलं, पण गुणांतला फरक ठामपणे दिसला नाही. म्हणजे लॅपटॉप वापरला की मेंदू बंद पडतो असं काही नाही. पण तुझा विषय केमिस्ट्री आहे. सर फळ्यावर बेंझीन रिंग काढतात, इलेक्ट्रॉन कुठून कुठे सरकला ते वाकड्या बाणानं दाखवतात. तो बाण कीबोर्डवर काढेपर्यंत पुढची रिअॅक्शन पुसलेली असते. शिवाय तुझी विद्यापीठाची परीक्षा उत्तरपत्रिकेवर हातानंच लिहायची आहे, आणि राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५पासून वर्णनात्मक झाली आहे. हाताची सवय सोडून तुला चालणार नाही.

लॅपटॉपचं काम संध्याकाळी सुरू होतं. वहीतल्या आकृत्यांचा फोटो काढायचा आणि मजकूर आपल्या शब्दांत, निम्म्या लांबीत टाइप करायचा. सगळी वही टाइप करत बसू नकोस, त्यात आठवडे जातात आणि डोक्यात काही राहत नाही. प्रत्येक पानाच्या शेवटी त्या तासावरचे तीन-चार प्रश्न लिहून ठेव, उत्तरं न देता. परीक्षेच्या वेळी आधी ते प्रश्न वाचायचे, उत्तरं कोऱ्या कागदावर लिहायची आणि मगच वर बघायचं. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःची परीक्षा घेतल्यानं गोष्टी जास्त दिवस लक्षात राहतात, हे रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये प्रयोगातून दाखवलं आहे. मजा म्हणजे पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारेच पुढे असतात, आठवड्यानं विचारलं की मागे पडतात. पेपरच्या आदल्या रात्री वाचून "सगळं येतंय" असं वाटतं, त्यामागे हेच असतं.

आता एकेक सॉफ्टवेअर तुझ्या लॅपटॉपवर ठेवून बघू.

वननोट फुकट आहे. पानावर कुठेही क्लिक करून लिहिता येतं, मध्येच फोटो टाकता येतो, त्याच्या शेजारी टीप लिहिता येते. केमिस्ट्रीच्या आकृत्यांसाठी हा मोकळेपणा फार उपयोगी पडतो. कंट्रोल आणि बरोबरचं चिन्ह दाबलं की खालचा छोटा आकडा लिहिता येतो, त्यामुळे सल्फ्युरिक ॲसिडचं सूत्र लिहिताना मेनू शोधावा लागत नाही. ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबलं की गणिती समीकरणाची चौकट येते, फिजिकल केमिस्ट्रीला ती लागेलच. सगळ्या नोटबुकांत शोधायचं तर कंट्रोल-ई. सेव्ह करायची भानगड नाही, लिहिशील तसं ते आपोआप साठतं. जुन्या लॅपटॉपची बॅटरी दहा मिनिटांत मान टाकते आणि त्यातच लाइट जातात, तेव्हा या एका गोष्टीची किंमत कळते.

नेटशिवाय ते चालतं, पण एक अट आहे. नोटबुक त्या लॅपटॉपवर आधी एकदा उघडून पूर्ण सिंक झालेलं, म्हणजे नेटवरची आणि लॅपटॉपवरची प्रत सारखी झालेली, असायला हवी. म्हणून शुक्रवारी रात्री होस्टेलच्या वायफायवर वननोट उघड, सिंक पूर्ण होऊ दे, मगच लॅपटॉप बंद कर. गावी दोन दिवस जे लिहिशील ते सोमवारी नाशिकला आलीस की वर चढेल. गावी असताना तेच पान मोबाइलवर आणि लॅपटॉपवर दोन्हीकडे बदलू नकोस. दोन्हीकडून वेगवेगळे बदल एकदम पोचले की वननोटला कोणतं खरं धरावं ते कळत नाही, ते एकाच पानाच्या दोन प्रती दाखवतं आणि त्या जुळवत बसायचं काम तुझ्या गळ्यात पडतं. मोबाइलवर फक्त वाच, लिहायचं ते लॅपटॉपवर.

विंडोज १० आहे म्हणून एक सावधगिरी. वननोट नावाची दोन सॉफ्टवेअर तुला दिसू शकतात. 'वननोट फॉर विंडोज १०' हे जुनं, त्याचा आधार (सपोर्ट) मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०२५मध्ये संपवला. तुला नुसतं 'वननोट' असं नाव असलेलं हवं. विंडोज १०चाही मोफत आधार त्याच महिन्यात संपला. लॅपटॉप त्यामुळे लगेच बंद पडणार नाही, पण सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबतात. त्यावर बँकेचे व्यवहार करू नकोस आणि कुणाचाही पेनड्राइव्ह सरळ लावू नकोस.

वननोटचे दोष दोन. पहिला जागेचा. मायक्रोसॉफ्टच्या फुकट खात्यात नेटवर ५ जीबी मिळतात. मोबाइलचा एक फोटो सरासरी ४ एमबी धरला तर साडेबाराशे फोटोंत सगळी जागा भरली. रोज पाच-सहा पानांचे फोटो टाकलेस तर एका वर्षातच अडचण येईल. म्हणून साधा फोटो न टाकता मोबाइलमधल्या गूगल ड्राइव्हच्या स्कॅननं पानाची पीडीएफ कर, किंवा फक्त आकृतीपुरता फोटो कापून घे. कापलेला फोटो वाचायलाही सोपा जातो. दुसरा दोष बाहेर निघण्याचा. वननोटमधली फाइल दुसऱ्या कशात सरळ उघडत नाही. लॅपटॉपवरच्या वननोटमध्ये फाइल, एक्स्पोर्ट, नोटबुक असं जाऊन अख्ख्या नोटबुकाची पीडीएफ काढता येते, ती मात्र कुठेही उघडते. म्हणूनच रविवारची पीडीएफ मी सक्तीची करते. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे मुलांना पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. चुकून पान पुसलंस तर सिंक ते मोबाइलवरूनही इमानेइतबारे पुसून टाकतं.

नोशन वाईट नाही, तुझ्यासाठी नाही इतकंच. ते मुळात नेटवर चालणारं आहे. ऑगस्ट २०२५मध्ये त्यांनी ऑफलाइनची सोय आणली, पण फुकट खात्यात हवं ते पान आधीच ऑफलाइनसाठी निवडून ठेवावं लागतं. वणीच्या पुढे एसटी गेल्यावर आठवलं की ते पान निवडायचं राहिलं, तर सोमवारपर्यंत हात चोळत बस. चार जणींचा प्रोजेक्ट असेल, कुणी काय करायचं याचा तक्ता हवा असेल, तर होस्टेलवर जरूर वापर.

ऑब्सिडियनच्या बाबतीत तुझा सिनियर चुकीचं सांगत नाही. त्यातली प्रत्येक नोट ही तुझ्याच हार्ड डिस्कवरची साधी टेक्स्ट फाइल असते. ऑब्सिडियन काढून टाकलंस तरी ती नोटपॅडमध्ये उघडते. नेट लागतच नाही. माझ्या तीन प्रश्नांत ते पहिलं येतं, मग तुला ते पहिल्या क्रमांकावर का सांगितलं नाही? कारण त्यात हवं तिथे हवं ते ठेवता येत नाही, आकृती-फोटोंचं काम वननोटइतकं सहज होत नाही, मोबाइलवर आपोआप न्यायचं तर त्यांची सिंक सेवा पैशांची आहे, आणि ४ जीबी रॅमवर ब्राउझरच्या दोन-चार टॅबसोबत ते उघडलं की लॅपटॉप धापा टाकतो. नोशन, ऑब्सिडियन आणि जॉप्लिन (नोट्सचंच आणखी एक सॉफ्टवेअर, त्याबद्दल पुढे) ही तिन्ही आतून ब्राउझरच्याच इंजिनावर चालतात, म्हणून ती रॅम जास्त खातात. केमिस्ट्रीऐवजी तुझा विषय इतिहास किंवा राज्यशास्त्र असता, म्हणजे सगळा मजकूरच असता, तर मी डोळे मिटून ऑब्सिडियन सांगितलं असतं. पदवी झाल्यावर नुसता एमपीएससीचा अभ्यास करशील तेव्हा याकडे परत ये. आत्ता मात्र दोन सॉफ्टवेअर एकदम सुरू करू नकोस. "ते कुठे लिहिलं होतं?" हा प्रश्न दोन ठिकाणी विचारावा लागला की माणूस शोधणंच सोडून देतो.

जॉप्लिन हे ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता येतो, फुकट आहे, वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्स अशा नेटवरच्या साठवणीमार्फत मोबाइलशी सिंक होतं. मजकुराच्या नोट्स आणि मोबाइल दोन्ही हवं असेल त्यानं ते बघावं. गूगल कीप किराणा मालाच्या यादीसाठी ठीक आहे, बीएस्सीसाठी नाही.

आणि ज्याचं नाव घ्यायला मुलं लाजतात ते वर्ड. एका युनिटला एक फाइल, प्रत्येक मुद्द्याला हेडिंगची स्टाइल, डाव्या बाजूला नॅव्हिगेशनची पट्टी उघडी. एवढ्यावर एमएस्सी झालेली मुलं मला माहीत आहेत. वननोट जमलंच नाही तर बिनदिक्कत वर्डवर ये, किंवा फुकटचं लिब्रेऑफिस घे. फक्त कंट्रोल-एस दाबायची सवय बोटांना लाव.

मराठीचा भाग यात सगळ्यात दुर्लक्षित आहे, आणि तुझा अर्धा त्रास तिथूनच येणार आहे. नोट्स युनिकोडमध्येच हव्यात, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीत. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलीस की इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीचा ठरलेला कीबोर्ड मिळतो. विंडोज १०च्या २०१९नंतरच्या आवृत्त्यांत मराठी फोनेटिकही आहे, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहिला की देवनागरी उमटते. विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबून भाषा बदलायची. दोन भाषा मिसळून लिहिणाऱ्याला हे बटण दिवसातून शंभरदा लागतं, म्हणून ते आधी हातात बसव.

जुन्या कृतिदेव किंवा श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नोट्स मराठी दिसतात, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असतात. त्यातून कॉपी केलंस की चित्रविचित्र चिन्हं येतात आणि शोधल्यावर काहीच सापडत नाही. एमपीएससीच्या क्लासच्या पीडीएफमध्ये हे हमखास भेटेल. अशा पानाचा स्क्रीनशॉट गूगल ड्राइव्हवर चढव आणि 'गूगल डॉक्समध्ये उघड' हा पर्याय निवड. चित्रातला मजकूर बऱ्यापैकी शुद्ध युनिकोडमध्ये मिळतो. नावं, आकडे आणि जोडाक्षरं मात्र मूळ पानाशी ताडून बघ.

युनिकोडमध्येही एक गोम आहे. 'ॲसिड'मधला पहिला ध्वनी दोन प्रकारे टाइप होतो: एक अख्खं स्वतंत्र अक्षर, दुसरं अ आणि त्यावर वेगळा चंद्र. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला वेगळे. एका प्रकारानं लिहिलं आणि दुसऱ्या प्रकारानं शोधलं तर बऱ्याचदा "सापडलं नाही" असं उत्तर येतं. 'तऱ्हा', 'दुसऱ्या' यांतल्या अर्ध्या र-चंही तेच. आकड्यांचा घोळ आणखी सोपा: १९७६ची ४२वी घटनादुरुस्ती तू मराठी आकड्यांत लिहिलीस आणि शोधताना इंग्रजी आकडे टाकलेस की ती हरवली. त्यामुळे आजच ठरव: आकडे एकाच लिपीत, शेवटपर्यंत. केमिस्ट्रीच्या पानांची शीर्षकं इंग्रजी लिपीत, कारण पाठ्यपुस्तक आणि पेपर दोन्हीकडे तीच संज्ञा येणार. खालचं स्पष्टीकरण मराठीत लिही, काही बिघडत नाही. उलट मराठीत समजावून लिहिता आलं तर समजलंय याची खात्री पटते. एमपीएससीच्या पानांना मराठी शीर्षक आणि त्याखाली इंग्रजी शब्द, असे दोन्ही ठेव.

मांडणीवर फार डोकं चालवू नकोस. विषयाला एक सेक्शन, आत अभ्यासक्रमातल्या युनिटच्या क्रमानं पानं. तारखेप्रमाणे पानं लावणारी मुलं मार्चमध्ये रडतात, कारण पेपर युनिटवर असतो, तारखेवर नसतो.

एक गोष्ट आवर्जून सांगते. नोट्ससाठी खातं स्वतःचं उघड, कॉलेजनं दिलेल्या ईमेलवर नको. कॉलेजच्या खात्यात जागा जास्त मिळते म्हणून मुलं तिथे सगळं साठवतात. पास झाल्यावर कॉलेज खातं बंद करतं, ते त्यांच्या नियमानं बरोबरच असतं, आणि तीन वर्षांच्या नोट्स त्यासोबत जातात. असं झालेले विद्यार्थी माझ्याकडे आले की माझ्याही हातात काही उरत नाही.

हे सगळं माझ्यावर विश्वास ठेवून करू नकोस, दोन दिवस तपासून बघ. ऑरगॅनिकचं एकच युनिट वननोटमध्ये टाक: दोन-तीन आकृत्या, एखादं समीकरण, थोडा मराठी मजकूर. मग नेट बंद कर, लॅपटॉप रीस्टार्ट कर, वननोट उघड आणि तीन शब्द शोध, एक इंग्रजी, एक मराठी आणि एक आकडा. मग नेट चालू करून मोबाइलवर तेच पान बघ. शेवटी पीडीएफ काढून मैत्रिणीच्या मोबाइलवर पाठव आणि आकृत्या जागच्या जागी आहेत का ते पाहा. वननोटचं पान बाजूला फार पसरलं की पीडीएफमध्ये ते तुटतं किंवा बारीक होतं, म्हणून लिहिताना उभ्या पट्टीतच राहा. यातलं काही अडलं तर हीच कसोटी जॉप्लिनला आणि वर्डला लाव.

राहिला हप्त्यावरचा लॅपटॉप. घेऊ नकोस. पेनचा स्क्रीन छान असतो, पण वर्गात तुझी वही तेच काम करते आणि तिची बॅटरी संपत नाही. त्याऐवजी एमजी रोडवर किंवा तुमच्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे जाऊन दोन गोष्टी विचार: या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे तिच्यापेक्षा खूप वेगवान अशी डिस्क, बसेल का, आणि रॅम ८ जीबी करता येईल का. बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये पहिलं जमतं, दुसरं मॉडेलवर अवलंबून. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी एसएसडी. विंडोज सुरू व्हायला मिनिटं लागतात ती सेकंदांवर येतात, आणि वननोट, ब्राउझर, पीडीएफ सगळंच हलकं वाटायला लागतं. दोन दुकानांत भाव विचार, जुनी हार्ड डिस्क परत माग आणि तिला बाहेरून लावायची केस घे. रविवारच्या पीडीएफ ठेवायला पेनड्राइव्हऐवजी तीच वापर.